निजेची मुळी आणि सशाचे कान

परवा नोएडात आमच्या बाराव्या मजल्यावरची लाइट गेली, जनरेटरनंही मान टाकली, आणि जूनमधल्या त्या भट्टीसारख्या रात्री अख्खं घर बाल्कनीत येऊन बसलं. मी माळ्यावरचा कंदील काढला. सून दर दिवाळीला तो भंगारात द्यायला निघते आणि मी दर दिवाळीला काच पुसून तो परत माळ्यावर ठेवतो, तोच. नातीनं आपल्या गोळ्यांची बाटली आणली आणि कंदिलाजवळ धरून वाचायला लागली : अश्वगंधा, तगर, जटामांसी, ब्राह्मी. म्हणाली, "रोज दोन घेते आजोबा, तरी दोन-दोन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. पण हर्बल आहे ना, म्हणजे अपाय तरी काही नाही."

म्हटलं, अगं, अपायाचं मागनं बघू. तू तगर म्हणालीस आणि मला एक मांजर आठवलं.

नोकरीला लागून मी सातारकडून दिल्लीला आलो तेव्हा करोलबागेत एका गच्चीवरच्या खोलीत राहायचो. बरसाती म्हणतात तिला इकडं. दिवसभर उन्हानं तापलेली ती गच्ची रात्री बारापर्यंत भाकरीच्या तव्यासारखी धग टाकायची, आणि बाजेवर पाणी मारून पडलं तरी झोप काही फिरकायची नाही. कचेरीतला एक जुना माणूस म्हणाला, खारी बावलीत जा. आता खारी बावली म्हणजे चांदणी चौकाच्या पार टोकाला, फतेहपुरी मशिदीच्या बगलेला असलेला मसाल्याचा बाजार. नाव खाऱ्या पाण्याच्या विहिरीचं, पण विहीर कुठं दिसत नाही, दिसतात ती पोती. मिरचीची, हळदीची, सुंठीची. गल्लीत पाऊल टाकलं की आधी तुम्ही शिंकता, मग दुकानदार शिंकतो, मग पाठीवर दोन-दोन पोती घेऊन वाकून चाललेला हमाल शिंकतो, आणि एवढं होऊनही त्याच्या पाठीवरचं पोतं रेसभर हलत नाही. त्या हमालांना जरा ध्यानात ठेवा, पुढं त्यांच्याशी काम आहे.

तिथल्या एका काष्ठौषधीवाल्यानं मला पाव किलो तगर बांधून दिली. बोटाएवढ्या वेड्यावाकड्या, गाठाळ मुळ्या, आणि वास म्हणाल तर पावसाळ्यात तीन दिवस न वाळलेल्या मोज्यांचा. ही चेष्टा नाही बरं का. घामेजल्या पायांना ज्या आम्लाचा वास येतो, तेच आम्ल या मुळीच्या जुनेपणात सुटतं. पिशवी खुंटीला अडकवून मी बाजेवर पडलो, तर मध्यरात्री छपरावरून एक बोका उतरला, खुंटीकडं बघून असा काही ओरडला की जणू जन्माची सोबतीण भेटली, आणि उडी मारून त्यानं पिशवी खाली पाडली. पुढचं सांगतो, पण आधी तगरीचा एक घोटाळा निस्तरायला हवा.

आपल्याकडं तगर म्हटलं की अंगणातलं पांढऱ्या चक्रीफुलांचं झुडूप, देवाला रोज सकाळी ओंजळभर फुलं देणारं. ते वेगळं. निजेची तगर हिमालयाच्या उतारावरची, जटामांसीची भावकी. आणि अंगणातल्या तगरीची भावकी म्हणजे चाफा, कण्हेर, रुई, सदाफुली. पान मोडलं की बहुतेकांना पांढरा चीक येतो. आता गंमत बघा, याच चिकाळ घराण्यात आणखी एक बाई आहे, कंबरेएवढीसुद्धा उंच न होणारी, एका पेराला तीन-तीन पानं, लाल देठांवर पांढरी फुलं आणि पिकल्यावर काळीजांभळी होणारी फळं. ती सर्पगंधा. आपल्या सह्याद्रीतही सापडते. तुझ्या बाटलीत ती नाही, आणि नाही तेच बरं. पण झोपेच्या मुळ्यांची खरी राणी तीच, आणि तिची निम्मी गोष्ट तर माझ्या त्या बरसातीपासून पायी जाण्याच्या अंतरावर घडली.

हिचं नाव सापाशी जोडलं गेलं ते मुंगसामुळं. नागाशी झुंजण्याआधी मुंगूस हिची मुळी चावून येतं, असं लोक सांगत. गोव्यात गार्सिया द ऑर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य होता, त्यानं 1563 साली गोव्यातच छापलेल्या ग्रंथात सापाच्या लाकडाबद्दल लिहिताना मुंगसाची अशीच हकीकत दिली आहे. खरं म्हणजे मुंगसाला मुळीची गरज नसते. नागाचं विष स्नायूवर जिथं चिकटायचं, ती जागाच मुंगसाच्या अंगात अशी निसरडी घडली आहे की विषाला धड पकड मिळत नाही. पण लोकांनी मुळी चावून बघितली आणि त्यांना दुसरंच काही सापडलं. रडणारं पोर गप होतं, बेभान झालेला माणूस निवतो. बिहारकडं हिला धवलबरुआ म्हणत आणि पोरं निजवायला वापरत. बाजारात छोटा चाँद म्हणत. आणि नुसतं 'पागल की दवा' म्हटलं तरी पसाऱ्याचा हात बरोबर त्या डब्याकडं जाई.

दिल्लीत एके काळी हकीम अजमल खान यांचं मोठं नाव. बल्लीमारानातलं पिढीजात हकिमांचं घराणं, 1921 साली काँग्रेसचे अध्यक्ष, आणि करोलबागेतलं तिब्बिया कॉलेज त्यांनीच उभं केलेलं. आयुर्वेद आणि युनानी एका छपराखाली शिकवणाऱ्या त्या कॉलेजचं उद्घाटन गांधीजींनी फेब्रुवारी 1921 मध्ये केलं. माझी कचेरीची वाट त्याच्यावरूनच जायची, पण आत काय घडून गेलंय ते मला निवृत्तीनंतर कळलं. माणूस रोज ज्या दारावरून जातो तेच दार त्याला शेवटी दिसतं. तर हकीमसाहेबांची इच्छा अशी की आपल्या मुळ्यांमध्ये नेमकं आहे काय, ते नव्या रसायनशास्त्राच्या भिंगाखाली बघावं. फ्रांकफुर्टला डॉक्टरेट करून आलेला एक तरुण त्यांनी हेरला होता. सलीमुज्जमाँ सिद्दिकी त्याचं नाव. गडी रसायनशास्त्रज्ञ आणि वर चित्रकारही. जर्मनीत त्यानं आपल्या चित्रांचं प्रदर्शन भरवलं होतं. हकीमसाहेब 1927 च्या डिसेंबरात गेले. पण सिद्दिकींनी तिब्बिया कॉलेजात सर्पगंधेची मुळं कुटली, गाळली, आणि 1931 साली त्यातून पाच पदार्थ स्फटिकरूपात काढले, तीन पांढरे आणि दोन पिवळे. पिवळ्यांना सर्पाचं नाव दिलं, सर्पेंटाइन आणि सर्पेंटिनीन. पांढऱ्या तिघांना हकीमसाहेबांचं : अजमलीन, अजमलिनीन, अजमलिसीन. दिल्लीच्या एका हकिमाचं नाव असं जगाच्या औषधकोशात जाऊन बसलं.

यातल्या अजमलिसीनचं बघा. ते पुढं आपल्या सदाफुलीच्या मुळांतही सापडलं. मोरीच्या भिंतीच्या फटीत, कुणी न लावता, खरकट्या पाण्यावर वाढणारी ती सदाफुली! शेवटी नातेवाईक, एकीच्या घरातलं भांडं दुसरीकडं सापडायचंच.

आणि अजमलीनचं तर त्याहून नवल. ते झोपेच्या कामाला आलंच नाही, गेलं हृदयाच्या कामाला. धडधाकट दिसणारी तरणी माणसं रात्री झोपेत जातात आणि घरच्यांना कारण कळत नाही, असा एक विकार आहे. ब्रुगाडा नावाच्या दोन स्पॅनिश डॉक्टरभावांनी तो 1992 मध्ये मांडला. हा विकार हृदयाच्या आलेखात कधी कधी लपून बसतो. तेव्हा डॉक्टर मंडळी रुग्णालयात, सगळी तयारी जवळ ठेवून, शिरेतून थोडं अजमलीन देतात, आणि लपलेली खूण आलेखावर उमटते. म्हणजे निजवायला म्हणून उपटलेल्या मुळीतला एक पदार्थ निजेतल्या मरणाचा माग काढतो. मला हे पहिल्यांदा कळलं त्या रात्री मीच बराच वेळ जागा होतो.

मग नीज होती कुठं? तर त्या पाच सुंदर स्फटिकांत नव्हे, ती होती मागं उरलेल्या चिकट राळेत. दूध काढून घ्यावं आणि खरवड भांड्याला चिकटून राहावी तसं झालं. दरम्यान, मुंबईच्या रुस्तम जाल वकील या हृदयरोगतज्ज्ञांनी 50 रोग्यांना ही मुळी देऊन रक्तदाब कसा उतरतो ते 1949 साली विलायती नियतकालिकात छापलं, आणि जग एकदम कान टवकारून बसलं. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या सिबा कंपनीच्या लोकांनी ती राळ धुंडाळली आणि 1952 मध्ये त्यातून रेसरपीन काढलं. पाठोपाठ अमेरिकेतल्या मनोरुग्णालयांत ते वापरलं जाऊ लागलं. आरडाओरडा करणारी माणसं शांत बसू लागली, दाब उतरू लागले.

आता खारी बावलीतल्या हमालांना बोलवा. आपल्या मेंदूत एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवणारे पदार्थ असतात, सेरोटोनिन, डोपामीन, नॉरॲड्रेनालिन. पेशीच्या टोकाला बारीक बारीक कोठारं असतात, त्यांत हा माल भरून ठेवलेला असतो आणि हाक आली की बाहेर ओतला जातो. भरायचं काम हमालाचं. रेसरपीन काय करतं, तर त्या हमालालाच दारात अडवतं. माल उंबऱ्यावर पडून राहतो, तिथंच सडतो, कोठारं हळूहळू रिकामी होतात. मग हाक आली तरी देणार काय? बाजार शांत. तुम्हा-आम्हाला वाटतं माणूस निवला. पण काही माणसं निवता निवता विझायलाच लागली. हसू गेलं, जेवणावरची वासना गेली, अंगावर उदासी धरली. 1950 च्या दशकात डॉक्टरांच्या हे ध्यानात आलं आणि ते विचारात पडले, की माल संपला म्हणून माणूस खिन्न होत असेल तर खिन्नतेचा आणि या मालाचा काही संबंध असेल काय? मनाच्या औषधांची पुढची कितीतरी वाट या प्रश्नावरून फुटली.

म्हणून सांगतो, सर्पगंधेची पुडी कुणी बाजारात 'साधी मुळी आहे, घ्या बिनधास्त' म्हणून पुढं केली तर हात मागं घ्यायचा. मुळी कडूजहर आहे, आणि ती तशी आपल्यासाठी झालेली नाही; जमिनीतल्या किड्यानं कुरतडू नये, चरणाऱ्या जनावरानं तोंड लावू नये, एवढाच तिचा हिशेब. तुझी अश्वगंधा त्या मानानं गरीब बिचारी. ओल्या मुळीला घोड्याच्या अंगाचा वास म्हणून ते नाव, आणि शास्त्रीय नावात सोम्निफेरा, म्हणजे झोप आणणारी. जपानातल्या त्सुकुबात 2017 साली उंदरांवर बघितलं तर झोप आणणारा घटक मुळीत नव्हे, पानात जोरकस निघाला. पण गरिबालाही राग येतो. काही माणसांच्या यकृताला ती बाधल्याची उदाहरणं आहेत. तेव्हा बाटली उद्या डॉक्टरांना दाखव, लपवू नकोस.

नात म्हणाली, "आणि त्या विझलेल्या माणसांचं काय?" शहाणी आहे पोर, बरोबर गाठीवर बोट ठेवते.

तर स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन म्हणून एक शास्त्रज्ञ. त्यांनी सशांना रेसरपीन दिलं. ससे मातीच्या गोळ्यासारखे जागच्या जागी बसले, पापण्या मिटल्या, आणि ते लांब कान, जे सशानं जगायचं तर सतत उभे हवेत, ते दोन्हीकडं लोंबले. मग कार्लसननी त्यांना एल-डोपा टोचलं. शरीर ज्यापासून डोपामीन बनवतं तो हा कच्चा माल. पाव तास गेला असेल नसेल, कान उभे राहिले, आणि ससे उड्या मारायला लागले. हे 1957 सालचं. त्यातूनच कंपवाताच्या, म्हणजे पार्किन्सनच्या रोग्यांना एल-डोपा देण्याची वाट निघाली, आणि कार्लसनना 2000 साली नोबेल मिळालं.

आणि हे एल-डोपा झाडात कुठं मिळतं ठाऊक आहे? खाजकुइलीच्या बियांत! दामोदरन आणि रामस्वामी या दोघांनी 1937 मध्ये, म्हणजे कार्लसनच्या सशांच्या वीस वर्षं आधी, मद्रासेत ते काढून दाखवलं होतं. लहानपणी आम्ही जिची मखमली शेंग मास्तरांच्या खुर्चीवर घासायचो, ती खाजकुइली. म्हणजे एका झाडाची मुळी कान पाडते, दुसऱ्याच्या बीमधला पदार्थ तेच कान उभे करतो, आणि दोन्ही आपल्याच रानात, कदाचित एकाच ओढ्याच्या काठाला, शेजारी शेजारी. मास्तर मात्र खुर्चीवरून सशासारखेच उडाले होते. त्यात डोपामीनचा काही भाग नव्हता, नुसती कूस.

"आणि मांजर?" नातीनं विचारलं. कंदिलाची वात मी जरा वर केली.

बोक्यानं पिशवी फाडली. तगरीत मांजराला वेड लावणारं एक द्रव्य असतं, ॲक्टिनिडीन. त्या वासानं तो मुळ्यांवर उताणा लोळला, गाल घासले, लाळ गाळली, आणि मग शेजारच्या गच्चीवरनं आणखी दोन आली. तासभर तिघांचं कीर्तन चाललं. नंतर तिघंही माझ्या पाव किलो तगरीवर एकमेकांच्या अंगावर पाय टाकून जी झोपली ती उन्हं वर येईपर्यंत, आणि मी कोपऱ्यात उशी पोटाशी धरून, त्यांना उठवायचं धाडस होईना म्हणून, रात्रभर टक्क जागा.