कोंबडीचें सुजलेलें तोंड आणि मोराचा मिटलेला डोळा

मेळघाटांतील धारणी तालुक्यांत कोंबडी ही केवळ खाण्याची वस्तु नव्हे. तेथील कोरकू घरांत दारापुढें फिरणाऱ्या आठ-दहा कोंबड्या म्हणजे गृहिणीची अडीअडचणीची पुंजी होय. बाजाराच्या दिवशीं एखादी विकली कीं तेल-मिठाची, मुलांच्या वह्यांची किंवा औषधपाण्याची सोय होते. या कोंबड्या दिवसभर परसांत आणि शेताच्या कडेला चरतात. रानालगतच्या त्याच शेतांत मोर-लांडोरीही दाणे टिपतात. एका दाण्यावर आणि एका पाण्यावर जगणाऱ्यांचीं कित्येक दुखणींही एकच असतात. त्यांपैकीं सहज डोळ्यांत भरणारें दुखणें म्हणजे तोंडाची सूज.

एखाद्या सकाळीं खुराडें उघडावें, तों एका कोंबडीचा गाल फुगलेला, पापण्या चिकटलेल्या आणि नाकांतून पाणी गळत असलेलें दिसतें. ही सूज म्हणजे स्वतः रोग नव्हे, तें रोगाचें चिन्ह आहे. पक्ष्याच्या डोळ्याखालीं नाकाशीं जोडलेली एक पोकळी असते. तिची बाहेरची बाजू बहुतांशीं हाडाची नसून कातडीची व मऊ मांसाची असते. म्हणून आंत स्राव सांचला कीं गाल बाहेर फुगतो आणि डोळा आपोआप मिटतो. हा स्राव कशामुळें सांचला, हें ओळखण्यासाठीं तीन गोष्टी पाहाव्या : किती पक्षी आजारी आहेत, दुखणें किती झपाट्यानें आलें आणि डोळ्यांत काय दिसतें.

एक-दोन दिवसांत बऱ्याच कोंबड्यांचीं तोंडें सुजलीं आणि नाकाच्या स्रावास दुर्गंधी येऊं लागली, तर कोरायझा नांवाच्या सांसर्गिक सर्दीचा संशय घ्यावा. तिचे जंतु पिण्याच्या सामाईक पाण्यांतून पसरतात. उलटपक्षीं दुखणें हळूहळू वाढत असेल, डोळ्यांत फेंस दिसत असेल आणि श्वासाबरोबर घरघर ऐकूं येत असेल, तर मायकोप्लाझ्मा हा जंतु बहुधा कारण असतो. तो अंड्यावाटे पिलांतही उतरतो. मोराच्या जातीसही तो बाधतो. तुऱ्यावर आणि पापण्यांवर खपल्या धरल्या असतील तर ती देवी होय. ती डासांमुळेंही पसरते. पापणीखालीं पांढरा, घट्ट थर सांचला असेल तर अन्नांत ‘अ’ जीवनसत्त्वाची उणीव असूं शकते. शहरांत गच्चीवर कोंडून, केवळ तांदूळकण्यांवर पोसलेल्या कोंबड्यांना हा धोका अधिक; त्यांना शेवग्याचा पाला, पालक किंवा पिवळा मका द्यावा. कोंबडीच्या व मोराच्या पापणीआड कधींकधीं बारीक पांढरे जंतही सांपडतात. एका जातीचें झुरळ खाल्ल्यानें ते पोटांत जातात आणि तेथून डोळ्यापर्यंत पोहोंचतात. ओल्या विष्ठेंतून सुटणाऱ्या अमोनियानें डोळे लाल होतात, तें वेगळेंच.

उपचाराचें पहिलें पाऊल औषधाचें नसून वेगळें ठेवण्याचें आहे. आजारी पक्षी कळपांतून काढून त्यास निराळ्या भांड्यांत पाणी द्यावें, आणि निरोगी पक्ष्यांचें काम आधीं उरकून मगच त्याच्याकडे जावें. एक लिटर पाण्यांत ९ ग्रॅम मीठ घालून तें उकळून थंड करावें, आणि त्यांत भिजविलेल्या स्वच्छ कापसानें पापण्या अलगद सोडवाव्या. डोळे मिटलेल्या कोंबडीस दाणे दिसत नाहींत, आणि पुष्कळदां ती रोगापेक्षां उपासानेंच मरते. म्हणून तिला हातानें भरवावें व तिची चोंच पाण्याला लावावी.

गालाची सूज सुईनें किंवा पात्यानें फोडूं नये. पक्ष्याचा पू माणसाच्या पुवासारखा पातळ नसून घट्ट असतो; तो टोंचल्यानें वाहून जात नाहीं. त्याला वाट करून देणें आणि डोळ्यांतील जंत काढणें हें पशुवैद्याचें काम आहे. माणसांसाठीं आणलेले स्टेरॉइडयुक्त थेंब घालूं नयेत. बुबुळावर व्रण असल्यास ते घातक ठरतात. कोरायझावर सल्फा वर्गांतील किंवा टेट्रासायक्लिन, आणि मायकोप्लाझ्मावर टायलोसिनसारखीं औषधें चालतात. देवीच्या विषाणूवर मात्र त्यांचा उपयोग नाहीं. म्हणून औषधाची निवड व मात्रा पशुवैद्यानेंच ठरवावी, आणि त्यानें सांगितलेल्या मुदतीपर्यंत त्या कोंबडीचीं अंडीं किंवा मांस खाऊं नये.

एका प्रसंगीं मात्र उपचारास हात घालूंच नये. तोंड सुजून तुरा निळा पडला आणि पांखरें एकाएकीं पटापट मरूं लागलीं, तर ती मानमोडी किंवा बर्ड फ्ल्यू असूं शकते. २००६ च्या फेब्रुवारींत नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें बर्ड फ्ल्यू आढळला, तेव्हां असंख्य कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. हा रोग माणसासही होऊं शकतो. अशा वेळीं मेलेल्या पक्ष्यास उघड्या हातानें न शिवतां पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावें.

मोराची गोष्ट निराळी आहे. १९६३ पासून तो राष्ट्रीय पक्षी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें त्यास पूर्ण संरक्षण आहे. शेतांत डोळा मिटलेला मोर दिसला तरी दयेपोटींही त्यास पकडूं नये; वनखात्यास कळवावें. त्याच्यासाठीं गांवकऱ्याच्या हातीं असलेला खरा उपाय म्हणजे आजारी कोंबड्यांचें उष्टें पाणी उघड्यावर न ठेवणें आणि मेलेलीं पांखरें रानांत न टाकतां चुना घालून खोल पुरणें.

खरी कसोटी बाजाराच्या दिवशीं लागते. कोंबडीचा गाल किंचित् फुगला आहे. आज विकली तर चार पैसे येतील, उद्यां कदाचित् कांहींच नाहीं. गरिबाच्या घरांत हा मोह लहान नसतो. परंतु कोरायझांतून बरी दिसणारी कोंबडीही जंतु बाळगून असते. बाजारांतील एका टोपलीतून ती दहा गांवांच्या खुराड्यांत रोग पोहोंचविते, आणि पुढच्या हंगामांत तोच रोग विकत घेतलेल्या कोंबडीबरोबर पुन्हां आपल्या दारीं येतो. म्हणून आजारी पक्षी विकूं नये. बाजारांतून आणलेला किंवा न विकतां परत आलेला पक्षी तीन-चार आठवडे वेगळा ठेवावा, आणि मानमोडी व देवी यांची लस वेळेवर टोंचून घ्यावी. परसांतील दहा कोंबड्यांची पुंजी राखण्याचा याहून स्वस्त मार्ग नाहीं.