नाण्यावरचा नहपान

१९०६ साली नाशिकजवळच्या जोगलटेंभीला चांदीच्या १३,००० हून जास्त नाण्यांचं घबाड सापडलं. नाणी क्षत्रप नहपानाची, पण त्यातल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा ठसा मारलेला! राजा हरला म्हणून चांदी थोडीच टाकून देतात? नाणं उजेडात तिरपं धरलं, की नव्या ठशाखालून नहपानाचं नाक-कपाळ कुठे कुठे अजून डोकावतं.

गौतमीपुत्राचं कौतुक वाचायचं तर नाशिकच्या पांडवलेण्यांतलं ३ नंबरचं लेणं गाठा. तिथला लेख त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा. नातू पुळुमावीच्या राज्याचं १९ वं वर्ष, मुलगा तोवर गेलेला. क्षहरातांचा, म्हणजे नहपानाचा, वंश त्याने निखंदून काढला हे ती सांगतेच. शिवाय आईच्या सेवेत कधी खंड पडू दिला नाही, हेही आवर्जून कोरून घेते.