फोनमधला डेटाबेस लॅपटॉपवर उघडायचाय? त्यासाठी हलका एडिटर असा बनतो

तुमच्या फोनमध्ये आत्ता कितीतरी डेटाबेस आहेत. चॅट, कॉन्टॅक्ट्स, नोट्स अशी बरीच अ‍ॅप्स आपली माहिती 'एसक्यूलाइट'मध्ये ठेवतात. रिचर्ड हिप यांनी २००० साली आणलेला हा डेटाबेस. याला सर्व्हर लागत नाही, सगळी टेबलं एकाच साध्या फाइलमध्ये बसतात. दुसऱ्यांच्या अ‍ॅपची फाइल अँड्रॉइड आपल्याला उघडू देत नाही (आणि ते बरोबरच आहे), पण स्वतः बनवत असलेल्या अ‍ॅपची फाइल अँड्रॉइड स्टुडिओतून बाहेर काढता येते.

ती बघायला आणि बदलायला मी एक छोटा नेटिव्ह एडिटर बनवतोय. नेटिव्ह म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्याच खिडक्या आणि बटणं वापरणारा. हल्ली बरीच डेस्कटॉप अ‍ॅप्स 'इलेक्ट्रॉन'वर बनतात, म्हणजे प्रत्येक अ‍ॅपसोबत आख्खा क्रोमियम येतो. ४ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर एक टेबल बघायला आणखी एक ब्राउझर चालवायचा, हे मला काही पटत नाही.

पण नुसतं नेटिव्ह असून भागत नाही. टेबलात ५ लाख ओळी असल्या तरी स्क्रीनवर दिसतात जेमतेम ४०. मग तेवढ्याच आणायच्या. '३ लाख ओळी सोडून पुढच्या दे' असं सांगितलं, तर डेटाबेस त्या ३ लाख ओळी ओलांडतच पुढे जातो आणि स्क्रोल अडकतो. त्यापेक्षा शेवटच्या ओळीचा आयडी लक्षात ठेवून 'याच्या पुढच्या ४०' मागितल्या की काम झटपट होतं.

खरी जोखीम आहे लिहिण्यात. एसक्यूलाइट प्रकारांच्या बाबतीत ढिला आहे. कॉलम इंटीजर असेल आणि तुम्ही ०२२ने सुरू होणारा लँडलाइन नंबर टाकलात, तर सुरुवातीचं शून्य गायब! एररसुद्धा येत नाही. म्हणून माझा एडिटर लिहिल्यावर तीच किंमत परत वाचतो. टाइप केलेलं आणि साठवलेलं जुळलं नाही, तर ट्रान्झॅक्शन मागे फिरवतो आणि तुम्हाला विचारतो.

दुसरं म्हणजे, तुम्ही विचार करत बसलात म्हणून ट्रान्झॅक्शन उघडं ठेवायचं नाही. तेवढा वेळ दुसऱ्या प्रोग्रॅमला त्या फाइलमध्ये लिहिता येत नाही. बदल आधी मेमरीत ठेवायचे, सेव्ह दाबल्यावर एका दमात लिहायचे. तेही जुनी किंमत अजून तीच असेल तरच. नाहीतर मधल्या काळात दुसऱ्या कुणी केलेला बदल आपण गुपचूप पुसून टाकू.

आणि फाइल कॉपी करताना तिच्या शेजारी बघा. नावापुढे '-वॉल' जोडलेली आणखी एक फाइल दिसेल. २०१०मध्ये आलेल्या या पद्धतीत नवे बदल आधी तिथे जातात, मुख्य फाइलमध्ये नंतर. अँड्रॉइडची 'रूम' लायब्ररी बहुतेक फोनवर हीच पद्धत वापरते. एकटी मुख्य फाइल उचललीत, तर ती उघडेल व्यवस्थित, पण अगदी ताज्या नोंदी त्यात नसतील. अ‍ॅप बंद करा आणि दोन्ही फाइल्स एकत्रच घ्या.