नाताळासाठी घरची गूळ-चिक्की

आगमनकाळात सांगली जिल्ह्यातील शिराळा परिसरात उसाचा हंगाम भरात असतो व नवा गूळ येतो. यंदा नाताळच्या फराळात घरच्या चिक्कीलाही स्थान द्यावे, असे आम्ही सुचवतो.

एक वाटी भाजून सोललेल्या शेंगदाण्यांना पाऊण वाटी चिक्कीचा गूळ पुरतो. चमचाभर तुपात तो मंद आचेवर ढवळत वितळवावा. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकावा. तो लवचिक राहिला, तर पाकात अजून पाणी आहे. चिक्की दाताला चिकटेल. थेंब कडकन मोडला, की दाणे मिसळून तूप लावलेल्या पाटावर झटपट लाटावे व गरम असतानाच वड्या पाडाव्यात.

हा पाक उकळत्या पाण्याहूनही तप्त असतो, म्हणून मुलांना चुलीपासून दूर ठेवावे. वाटपाचे काम मात्र त्यांनाच द्यावे. पहिली ताटली शेजारी पोहोचली, की आपला सण शेजाऱ्यांचाही होतो.