काडी आरपार जाते तेव्हा

मार्चातली सकाळ, वसमतजवळचा मळा. ट्रॅक्टरमागे ओढून आणलेला हळदीचा कुकर धडधडतोय, ड्रमांच्या झाकणांतून पांढरी वाफ सुटतेय. तात्या एक हळकुंड काढतात, फुंकर घालतात आणि त्यात बारीक काडी खुपसतात. काडी अडते.

"आजून न्हाई. थांबा जरा."

माझ्या हातात कच्चं हळकुंड आहे. विळीवर आडवं चिरतो. मधला गाभा गर्द केशरी, कडेचा भाग फिकट, दोन्हींच्या मधे स्पष्ट कडं. इतका पसरणारा रंग, कपड्याला लागला तर निघत नाही, आणि इथे मात्र जागा सोडत नाही! त्याला धरून ठेवणारं पेशीपटल जेमतेम सात-आठ नॅनोमीटर जाडीचं. अशी लाखभर पटलं एकावर एक रचली तरी मिलिमीटर भरत नाही. स्निग्ध रेणूंचे दोन थर. पाण्याशी सख्य असलेली डोकी बाहेरच्या अंगाला, पाण्याला बुजणाऱ्या शेपट्या आत. पाण्यात पडले की हे रेणू आपणहून अशी रांग धरतात, कुणी गवंडी लागत नाही. रांगही घट्ट नसते, रेणू सतत सरकत असतात आणि त्यांत प्रथिनं तरंगतात. सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ मध्ये मांडलेलं हे चित्र. काही प्रथिनं म्हणजे नुसती पाण्याची दारं. ती शोधणाऱ्या पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ चं नोबेल मिळालं. पिकाला लागणाऱ्या पालाशचं तसं नाही. मातीत तो विरळ, पेशीत दाट. त्याला आत ओढायला मुळाला ऊर्जा खर्चावी लागते.

बाभळीच्या सावलीत काकूंनी लोणच्यासाठी ओल्या हळदीच्या चकत्यांना मीठ चोळून ठेवलंय. ताटात पाणी साचलंय, चकत्या लवल्यात.

"पानी तर घातलंच न्हाई, मग आलं कुठून?" आठवीतली नात विचारते.

"चकत्यांतूनच. बाहेर मीठ दाट झालं, म्हणून आतलं पाणी पटलातून बाहेर आलं."

"परासरण!" ती ओरडते. पुस्तकातला शब्द ताटात सापडल्याचा आनंद तिच्या तोंडावर मावत नाही.

तात्या पुन्हा काडी लावतात. या वेळी ती लोण्यात जावी तशी आरपार. "उतरवा!"

शिजलेलं हळकुंड चिरतो. कडं नाहीसं झालंय. गाभ्यापासून सालीपर्यंत एकच पिवळा. उष्णतेने प्रथिनं बिघडली, पटलं फाटली, तेलाच्या पेशींत कोंडलेला रंग सगळीकडे झिरपला. आता आतलं पाणीही अडून राहणार नाही, म्हणून ही हळद लवकर आणि सारखी वाळेल. कच्ची राहिली तर वाळता वाळत नाही. कोणत्याही यंत्राविना, एका काडीने तात्या पटलं फुटल्याचं ओळखतात. याला मी विज्ञानच म्हणतो.

ड्रम ताडपत्रीवर उपडा होतो. पलीकडे झाडाखाली पाल्याने झाकलेलं बेणं आहे, जूनमध्ये लावायचं. त्यातला एक गड्डा घरंगळत वाफाळत्या ढिगाशी येतो. काकू धावत जाऊन तो उचलतात, पदराने पुसतात आणि परत पाल्याखाली सारतात.