बाहुल्यांचं वय

गेल्या दिवाळीत खालापूरला धाकट्या भावाकडे गेलो, तो उंबऱ्यातच घरातल्या अबोल्याची चाहूल लागली. चहा हातात पडायच्या आत भाऊ म्हणाला, "दादा, आता तूच समजाव तिला. बारावी झाली. बाहुल्यांचे चित्रपट काढणार म्हणते! बाहुल्या खेळायचं वय आहे का हे?"

पुतणी अंगणात होती. किल्ल्यासमोर विटांवर मोबाइल टेकवलेला. मातीचा मावळा गव्हाच्या दाण्याएवढा पुढे सरकवायचा, हात मागे घ्यायचा, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायचा. एका सेकंदाला अशी बारा चित्रं! मी दोन तास मदत केली, तेव्हा कुठे मावळा दहा सेकंद चालला. तेवढ्यात ऊन सरकलं, सावल्या फिरल्या आणि सारं पुन्हा पहिल्यापासून. पोरीनं हूं की चूं केलं नाही. माझी मात्र पाठ धरली.

"काका, स्टारेविचला भुंग्यांची झुंज टिपायची होती," ती म्हणाली. "दिव्यांखाली भुंगे हलेचनात. मग त्यानं मेलेल्या भुंग्यांना तारेचे पाय लावले." ही १९१० च्या सुमाराची गोष्ट. पुढे चेकोस्लोव्हाकियात यिर्झी त्रिन्का झाला. पोरवयात तो स्कुपा या कळसूत्रीवाल्याच्या हाताखाली शिकला. त्याच्या बाहुल्यांचे चेहरे बदलत नसत; प्रकाश नि कोन बदलून तो त्यांना हसवी, रडवी.

रात्री जेवणं झाल्यावर मी भावाला म्हटलं, "तिकडचं राहू दे. कर्जतला गाडीला मागून इंजिनं लागतात आणि ती घाट चढून लोणावळ्याला जाते ना, त्या लोणावळ्यात १९०८ साली दादासाहेब फाळक्यांनी छापखाना काढला होता. त्याआधी चित्रकला झाली, फोटोग्राफी झाली. जादूचे प्रयोगही केले, नाव उलटसुलट करून 'प्रोफेसर केल्फा' म्हणून! लोकांना तोही पोरखेळच वाटला असेल. पुढे सिनेमाचं वेड लागलं. कुंडीत वाटाणा पेरून, थोड्या थोड्या वेळानं एकेक चित्र घेत, त्यांनी रोप पडद्यावर मिनिटभरात वाढवून दाखवलं. ते पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' झाला. मग 'आगकाड्यांची मौज' काढली. साध्या काड्या, पण पडद्यावर चालत्या-बोलत्या!"

"आणि पैसे?" भावाचा प्रश्न रास्त होता. घर हप्त्यांवर चाललेलं.

"हाल झालेच. डोळ्यांवर ताण पडून काही दिवस दिसेनासं झालं. सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, फिल्मला भोकं पाडण्याचं कामही केलं. अखेरची वर्षं ओढगस्तीत गेली. १९४४ साली नाशिकला वारले. हेही तिला सांगायलाच हवं."

"सांगितलंय तिनंच मला," वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली. "तरी ती म्हणते, शिकायचं हेच."

भाऊ काही न बोलता झोपायला गेला.

सकाळी उटण्याच्या वासानं जाग आली. अंगणात डोकावलो, तर भाऊ चार बांबू रोवून किल्ल्यावर जुनी चादर ताणत होता. मला पाहून जरा ओशाळला.

"ऊन सरकतं म्हणे," एवढंच म्हणाला आणि दोरीची गाठ आवळू लागला.

प्रवेशाचं अजून ठरायचं आहे. मावळा मात्र त्या दिवशी बालेकिल्ल्यापर्यंत पोचला.