झुबेदाची बहीण

१४ मार्च होऊन गेला. मॅजेस्टिक थिएटर, ‘आलम आरा’, पहिला बोलपट, पहिली नायिका झुबेदा, अशी सगळी उजळणी दरवर्षीप्रमाणे झाली, आणि सुरतेत ‘झुबेदा आमची’ हेही म्हणून झालं. ते खरंच आहे, तिचा जन्म इथला. पण तिच्याच घरात सुलताना नावाची आणखी एक नटी होती. शहजादी धरली तर तिघी बहिणी सिनेमात होत्या आणि आई फातमा बेगम उर्दू रंगभूमीवरून आलेली. सुलतानाची ओळख कुठेही वाचा, ती नात्यातूनच करून दिलेली असते : फातमा बेगमची मुलगी, झुबेदाची बहीण, पुढे जमीला रझ्झाकची आई, आणि क्रिकेटवाल्यांसाठी वकार हसनची सासू. एक नटी चार नात्यांत वाटली गेली आणि तिच्या स्वतःच्या नावावर काही उरलं नाही. गुणांत ती कमी होती म्हणून असं झालं, असं आपण न बोलता गृहीत धरतो. ते गृहीतकच तपासायला हवं.

१९२२ साली ‘वीर अभिमन्यू’त फातमा बेगम सुभद्रा झाली आणि सुलताना उत्तरा. म्हणजे पदार्पणातच मुख्य स्त्रीभूमिका, तीही बालगंधर्वांचा शालू-शेला ऐन भरात असताना. बाई पडद्यावर दिसणं हीच तेव्हा बातमी होती. अशा काळात आईसकट सगळ्या मुली कॅमेऱ्यासमोर उभं राहायला तयार असलेलं घर म्हणजे स्टुडिओला आयती नाटक कंपनीच! त्यातून झुबेदा वेगळी काढणं त्या वेळच्या प्रेक्षकाला तरी कठीण गेलं असेल. तेव्हाचा सिनेमा आजच्यासारखा सोवळा नव्हता, हेही लक्षात घ्यायला हवं. १९१३ मध्ये गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा त्याच खेळाच्या जाहिरातीत मिस आयरिन डेल मार हिचं नृत्य, मॅक्लेमेंट्स मंडळींचा विनोदी प्रवेश आणि पायांनी वस्तू झेलणारा अलेक्झांडर होता. अमेरिकेत ज्याला व्हॉडव्हिल म्हणत, तो हा संमिश्र करमणुकीचा खेळ. आपला मूकपट त्याच्या पंक्तीला बसूनच मोठा झाला. या धंद्यात घराणंच्या घराणं एकत्र नाचे-गाये, आणि त्यातलं कोण मोठं ते रोजच्या टाळ्या ठरवत.

फ्रेड अस्टेअरचं नाव हॉलिवूडचा नर्तक म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. १९०५ पासून तो व्हॉडव्हिलच्या रंगमंचावर बहीण अडेलबरोबर नाचत होता आणि वर्षानुवर्षं समीक्षक कौतुक करत ते अडेलचं. फ्रेड म्हणजे तिचा जोडीदार. १९३२ मध्ये तिने ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या मुलाशी लग्न करून रंगमंच सोडला, पुढच्याच वर्षी फ्रेड सिनेमात गेला आणि भावंडांचा क्रम उलटला. अडेल बोलपटात कधी आलीच नाही, म्हणून ती आज ‘फ्रेडची बहीण’ आहे. तिचं नाचणं रातोरात बिघडलं नव्हतं. ते टिपणारं यंत्र तिच्या वाट्याला आलं नाही, इतकंच.

सुलतानाचंही असंच झालं म्हटलं, की आक्षेप ठरलेला आहे : बोलपटाने आवाजाची परीक्षा घेतली, झुबेदा पास झाली, यात अन्याय कसला? परीक्षा झाली हे कबूल, पण कोणाची झाली ते पाहा. ‘आलम आरा’चे दिग्दर्शक अर्देशीर इराणी यांच्या मनात नायिका म्हणून आधी रूबी मायर्स, म्हणजे सुलोचना, होती. हिंदुस्थानी सफाईने येत नाही म्हणून ती गळली आणि भूमिका झुबेदाकडे आली. नायक मात्र आपले मास्टर विठ्ठल. लहानपणापासून नाटकात वाढलेले आणि मूकपटातले तलवारबहाद्दर. पण त्यांचीही भाषा अडखळत होती, तेव्हा त्यांची भूमिकाच अशी बेतली की बराच वेळ पात्र गुंगीत राहील. बाईची भाषा कच्ची तर बाई बदला, बुवाची कच्ची तर पटकथा बदला. याला आवाजाची निष्पक्ष परीक्षा म्हणणं धाडसाचं होईल. शिवाय उर्दूच पाहायची, तर सुलताना आणि झुबेदा यांच्या कानावर ती एकाच आईच्या तोंडून पडलेली. सात गाणी असलेल्या त्या चित्रपटात झुबेदाने काम चांगलंच केलं असणार, आणि पुढची तिची बोलपटांतली कारकीर्द तिने स्वतः कमावली. पण १४ मार्च १९३१ ही तारीख काही तिने कमावलेली नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक सरळ आहे : दोघींचं काम पडद्यावर पाहा आणि ठरवा. इथे पी. के. नायर यांच्याकडे वळावं लागतं. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय ज्यांनी उभं केलं, ते नायर. सिनेमाच्या इतिहासात या माणसाइतकं मन लावून रद्दी धुंडाळणारा दुसरा कोणी नसेल. ‘आलम आरा’च्या शोधात ते थेट अर्देशीर इराणींपर्यंत पोचले होते. म्हातारे म्हणाले, दोन-चार रिळं इथेच कुठेतरी असतील. मग मुलाने नायरना बाजूला घेऊन खरं सांगितलं : चांदी काढून घेतली आणि रिळं टाकून दिली. जुन्या फिल्मवरच्या लेपात चांदी असे, त्या चांदीला भाव येई, चित्रपटाला नव्हे. सुरतेच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. हे जरीचं गाव. चांदीची तार, तिच्यावर सोन्याचा मुलामा, आतून रेशीम किंवा सूत. साडी विरली की पदर-काठ जाळायचे, राखेतून चांदी काढायची आणि ती पुन्हा तारेला लावायची. पदरावरचा मोर कोणी विणला होता, हे राखेला विचारत नाहीत. आपल्या तेराशेच्या आसपास मूकपटांतले जेमतेम तीसेक हाती उरले आहेत. तेव्हा झुबेदा सरस की सुलताना, हे पडद्यावर पाहून ठरवण्याची सोय संपलेली आहे. ‘आलम आरा’ही आज कोणाला पाहता येत नाही. झुबेदाची कीर्तीसुद्धा छायाचित्रांवर, जाहिरातींवर आणि एका तारखेवर उभी आहे.

नबाबी घराण्याचा पुरावाही असाच पातळ. या मुली सचिनच्या नबाबाच्या, असं सर्रास छापलं जातं. हे सचिन म्हणजे आज कारखान्यांनी गजबजलेलं, सुरतेला लागून असलेलं तेच. तिथले सिद्दी मूळ आपल्या जंजिऱ्याचे. १७९१ मध्ये पेशव्यांशी जंजिऱ्यावरच्या हक्काची अदलाबदल करून ते इकडे आले. पण नबाबाचं फातमा बेगमशी लग्न झाल्याची किंवा त्याने मुलींना आपलं म्हटल्याची नोंद नाही. तरी ‘राजकन्या’ हे बिरुद झुबेदाला चिकटलं आणि शोभलंही, कारण पुढे ती हैदराबादच्या धनराजगीर घराण्यात गेली आणि मुंबईत धनराज महालात राहिली. सुलतानाला बापाचं नाव तेच, पण त्याचा तोरा मिरवायला महाल नव्हता.

सुलताना फाळणीनंतर पती सेठ रझ्झाक यांच्याबरोबर पाकिस्तानात गेली. तिथे मुलगी जमीला हिला तिने सिनेमात आणलं आणि १९६१ मध्ये स्वतः निर्माती होऊन ‘हम एक हैं’ काढला. लेखन फय्याज हाश्मींचं. चित्रपट कृष्णधवल, पण काही भाग रंगीत, आणि तेव्हा तिकडे रंग म्हणजे चैन. पहिल्या चित्रपटानंतर जवळपास चाळीस वर्षांनी, कोणाची बहीण म्हणून नव्हे तर स्वतःच्या हिमतीवर लावलेला हा डाव होता. चित्रपट पडला. तिने पुन्हा चित्रपट काढला नाही.